पाण्याचा ताळेबंद आणि चारशे शेंगदाणे

पर्यावरणशिक्षण हा विषय आपल्याकडे कागदावर चांगलाच रुळलेला आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरण शिकवण्याचे निर्देश दिले, यथावकाश तो विषय सक्तीचा झाला आणि अलीकडे महाराष्ट्रात नववी-दहावीच्या मुलांच्या हाती ‘जलसुरक्षा’ नावाचे स्वतंत्र पुस्तकही आले. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत असताना या विषयाच्या प्रकल्पवह्या मी वर्षानुवर्षे तपासल्या. बहुतेक वह्यांत स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी तीच ती छापील चित्रे डकवलेली असत: हिरवी पृथ्वी, तिला सावरणारे दोन तळहात, धूर ओकणारे धुराडे आणि गळणारा नळ. ज्या गावांतील मुले ही चित्रे डकवत होती, त्यांतील काही गावांत फेब्रुवारी उलटला की टँकर येत असे. त्या टँकरविषयी एकाही वहीत ओळ नसे आणि मूल्यमापनाच्या तक्त्यातही त्यासाठी रकाना नव्हता.

निवृत्तीनंतर पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण गावांत पाण्याच्या ताळेबंदाची शिबिरे घेणाऱ्या एका लहानशा गटाबरोबर मी काम करू लागले. शाश्वत विकास, पर्यावरणपूरक जीवनशैली वगैरे शब्द त्या शिबिरांत आम्ही शक्यतो उच्चारत नाही, कारण ते उच्चारले की समोरची माणसे आदराने गप्प बसतात, आणि गप्प बसलेला माणूस काही शिकत नाही असा माझा शाळेपासूनचा अनुभव आहे. निसर्गाची मर्यादा माणसाला कळते ती स्वतः मोजलेल्या आकड्यातून, आणि त्या मर्यादेत राहण्याची तयारी होते ती तो आकडा चारचौघांत मांडला गेल्यावर, असे माझे मत या कामातून पक्के झाले आहे. ते कसे बनले हे सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

महाराष्ट्रात सर्वांत यशस्वीपणे शिकवला गेलेला पर्यावरणाचा धडा कोणता, असे मला कोणी विचारले तर मी ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हेच उत्तर देईन. हा धडा निरक्षर आजीलाही पाठ आहे. समतल चर म्हणजे काय, नालाबांध कुठे घालावा, माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे का करावीत, हे आज आपल्या ग्रामीण भागातील असंख्य लोकांना कोणत्याही अभियंत्याइतके नेमके ठाऊक आहे. पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि आंबेजोगाई या तीन तालुक्यांत वॉटर कपची स्पर्धा सुरू केली, तेव्हा निवासी प्रशिक्षण घेऊन परतलेल्या गावकऱ्यांनी ऐन उन्हाळ्यात कुदळ-फावडी घेऊन जे श्रमदान केले, ते पाहिल्यावर लोकांना पर्यावरणाची पर्वा नसते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. 

अडचण त्या धड्याच्या पुढच्या भागात आहे. अडवलेले आणि जिरवलेले पाणी कोणी, किती आणि कशासाठी उपसायचे, हा भाग आपण जवळजवळ शिकवलाच नाही. बंधाऱ्यात पाणी दिसले की काठावर नवी मोटर बसते, शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी वाढले की आपल्या बांधावर बोअरची गाडी उभी राहते, आणि ज्या गावाने टँकरमुक्तीचा फलक लावला त्याच गावात काही वर्षांनी टँकर पुन्हा येतो. जलयुक्त शिवार अभियानावर हजारो कोटी रुपये खर्च झाल्यानंतर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात, गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजलपातळी वाढवण्यात या अभियानाचा फारसा परिणाम झाला नाही, असा निष्कर्ष नोंदवला. त्यावर राजकीय वादंग बरेच झाले. राजकारण बाजूला ठेवले तरी पुरवठा वाढवायचा आणि मागणीविषयी अवाक्षर काढायचे नाही, अशा रीतीने आखलेल्या कोणत्याही कामाचे दुसरे काय होणार, हा प्रश्न उरतोच.

आमच्या शिबिराची सुरुवात म्हणूनच एका गणिताने होते. गावाचे भौगोलिक क्षेत्र एक हजार हेक्टर धरू आणि वर्षाचा पाऊस चारशे मिलिमीटर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले, हे एकदा फळ्यावर करून दाखवले की उरलेले गणित सातवीतील मुलगीही करते. उत्तर येते चारशे कोटी लिटर. पहिल्याने हे उत्तर ऐकताना सभेत नेहमी कुजबुज होते, कारण आपले गाव कोरडे आहे, देवाने आपल्या वाट्याला काही दिलेच नाही, अशी ठाम समजूत असलेल्या माणसांना हा आकडा पटत नाही. मग आम्ही सतरंजीवर चारशे शेंगदाणे ओततो. एक शेंगदाणा म्हणजे एक कोटी लिटर. 

शेंगदाण्यांच्या वाटण्या करण्याचे काम गावातील लोकांनीच करायचे असते. अडीचशेच्या आसपास शेंगदाणे उन्हाने, खरिपाच्या पिकांनी, झाडांनी आणि गवताने नेले. शंभरेक ओढ्यावाटे गावाच्या शिवेबाहेर गेले. दहा पाझर तलावात आणि बंधाऱ्यांत थांबले. राहिले चाळीस, तेवढे मुरून विहिरींपर्यंत पोहोचले. हे आकडे ढोबळ आहेत आणि माती, उतार, पावसाची तऱ्हा यांनुसार बदलतात, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. पण आपल्या काळ्या पाषाणात पावसाचा साधारण दहावा हिस्सा मुरला तरी पुष्कळ, एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग याच बेसॉल्ट खडकाने व्यापलेला आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि ती जागा थोडी आहे. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी विहीर खोदली आहे, त्यांना हे सांगावे लागत नाही. तेच उठून मुरूम किती हातांवर संपला आणि पाषाण कुठे लागला, ते इतरांना सांगू लागतात.

त्यानंतर पिण्याच्या पाण्याचा हिशेब होतो. जलजीवन मिशनच्या निकषानुसार माणशी दररोज ५५ लिटर पाणी लागते. गावाची लोकसंख्या दीड हजार धरली तर वर्षाला तीन कोटी लिटरांच्या किंचित वर, म्हणजे तीन शेंगदाणे. सहाशे जनावरांना रोज प्रत्येकी चाळीस लिटर दिले तरी एक शेंगदाणा पुरा होत नाही. एका गावात हा टप्पा आला तेव्हा पुढे बसलेल्या एका मावशींनी ते तीन शेंगदाणे तळहातावर घेतले, उरलेल्या ढिगाकडे पाहिले आणि सरपंचांना सरळच विचारले, “आबा, एवढ्यासाठी मी मे महिन्यात रात्री दोन वाजता हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहते का?” आबांनी उत्तर दिले नाही. चारशेतील चार शेंगदाण्यांत गावातली माणसे आणि गुरे सगळी भागतात, म्हणजे एक टक्क्यात, हे त्या सभेत कोणी भाषण करून सांगितले असते तर इतके बोचले नसते.

मग शेतकऱ्यांची पाळी येते. पाच एकर ऊस असेल तर चार शेंगदाणे उचला, पाच एकर कांद्याला एक, पाच एकर गव्हाला एक, हरभऱ्याला अर्धा. हे प्रमाणही ढोबळच आहे. उसाची वर्षाची गरज दोन मीटर उंचीच्या पाण्याची आणि कांदा-गव्हाची अर्ध्या मीटरची, असे धरून ते काढलेले आहे. त्या गावात तीस एकर ऊस, साठ एकर कांदा आणि चाळीस एकर गहू होता. उसाने चोवीस शेंगदाणे नेले, कांद्याने बारा आणि गव्हाने आठ. माणसांचे आणि गुरांचे चार मिळवून मागणी झाली अठ्ठेचाळीस, आणि विहिरींच्या वाट्याला आले होते चाळीस. शेवटी आलेल्या गहूवाल्यांना सतरंजीवर उचलायला काही उरले नाही, तेव्हा तेथे जे भांडण झाले ते मला अजून आठवते. एकाने ओढ्याच्या ढिगातील शेंगदाणे उचलायचा प्रयत्न केला, त्याला दुसऱ्याने हटकले. गंमत म्हणजे तोवर मुलांनी बाष्पीभवनाच्या ढिगातील बरेचसे शेंगदाणे खाऊन टाकले होते, आणि त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती.

कमी पडलेले आठ शेंगदाणे प्रत्यक्षात कुठून येतात, हा प्रश्न आम्ही त्या भांडणाच्या भरातच विचारतो. उत्तर गावालाच ठाऊक असते. पाचशे-सहाशे फुटांवरच्या बोअरमधून येतात, जेथील पाणी एका पावसाळ्यात भरून निघत नाही. आणि ज्या विहिरीवर गावाची नळयोजना आहे तिच्या पाझरातून येतात. पिण्याच्या पाण्याचे तीन शेंगदाणे कोणी मुद्दाम चोरत नाही. सर्वांच्या मोटरी एकाच मुरमातून पाणी ओढत असल्यामुळे ते आपसूकच नाहीसे होतात.

या हिशेबाची सवय झाली की जुन्या बातम्याही निराळ्या वाचता येतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी गेली, तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. साऱ्या देशाने ती गाडी दूरचित्रवाणीवर पाहिली. पाच लाख लिटर म्हणजे आमच्या सतरंजीवर शेंगदाण्याचा विसावा भाग, आणि शेतात म्हणाल तर अडीच गुंठे उसाचे वर्षभराचे पाणी. लातूरकरांच्या त्या उन्हाळ्यातील हालांना मी कमी लेखत नाही. मुद्दा एवढाच की तहान आणि पीक यांच्या मापांतील ही तफावत आपल्या मनात स्पष्ट नसते, म्हणून आपण नळ घट्ट बंद करण्याच्या सूचना देत राहतो आणि शिवाराकडे पाहत नाही.

येथे उसाला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि शहरातून येणारे पाहुणे ते हमखास करतात. मला तो सूर आवडत नाही. शेतकरी ऊस लावतो त्याची कारणे शंभर टक्के व्यवहाराची आहेत. उसाला एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचा आधार आहे, तोडणीला टोळी येते, अवकाळी पावसाने तो कांद्यासारखा एका रात्रीत सडत नाही आणि विकण्यासाठी बाजार समितीत ताटकळत बसावे लागत नाही. ज्या माणसाने सलग दोन वर्षे कांद्यात मार खाल्ला आहे, त्याला पाण्याचे महत्त्व समजावून सांगायला जाणे म्हणजे त्याच्या शहाणपणाचा अपमान आहे. एका शिबिरात एक तात्या म्हणाले, “बाई, पाणी वाचवतो. पण कांद्याला भाव तुम्ही देणार का?” याचे उत्तर माझ्याजवळ नाही आणि ते शिबिरात मिळणारही नाही. तरीही शिकवणाऱ्याने हा प्रश्न टाळला की त्याच्या बाकीच्या आकड्यांवरचा विश्वास उडतो, म्हणून आम्ही ताळेबंदाच्या शेजारी पिकाचा जमाखर्चही मांडतो आणि एका शेंगदाण्यामागे कोणत्या पिकातून किती रुपये आले, ते शेतकऱ्यांकडूनच काढून घेतो. एकरामागे पैसे मोजण्याची सवय असलेल्या माणसाला पाण्यामागे पैसे मोजायला लावले की चर्चेचे वळण बदलते, कारण त्या मोजणीत हरभरा आणि ज्वारी अनपेक्षितपणे वर सरकतात.

ठिबकचा मुद्दा प्रत्येक सभेत निघतो. ठिबकने पाणी वाचते हे खरेच आहे. पण वाचलेल्या पाण्यावर तोच शेतकरी आणखी दोन एकर भिजवतो, आणि मुरमातून होणारा एकूण उपसा होता तेवढाच राहतो. प्लॅस्टिकच्या अस्तराच्या शेततळ्यांचे तर विचारूच नका. विहिरीतील पाणी उपसून उघड्या तळ्यात साठवायचे, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत वर्षाकाठी दीड-दोन मीटर पाण्याची वाफ होऊ द्यायची, याला जलसंधारण म्हणणे मला जड जाते. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरणारे शेततळे निराळे.

गणिताइतकेच महत्त्वाचे असते प्रत्यक्ष मोजणे, आणि ते आम्ही मुलांपासून सुरू करतो. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात म्हणजे नेमके काय करतात, हे दहावी झालेल्या पुष्कळांना सांगता येत नाही. मोठ्या भांड्यात जास्त पाऊस पडतो, अशी एक मनातील समजूत असते आणि ती काही वाईट समजूत नाही, फक्त अपुरी आहे. एका शाळेच्या पटांगणात मुलांनी पावडरीचा डबा, सरळ बाजूंचे मोठे पातेले आणि तोंडाकडचा निमुळता भाग कापून बूड सपाट केलेली प्लॅस्टिकची बाटली शेजारी शेजारी ठेवली. पावसाची सर थांबल्यावर तिन्हींत पट्टी बुडवली, तर तिन्हींत पाण्याची उंची सारखीच, अठरा मिलिमीटर. पातेलेवाली मुलगी हिरमुसली, कारण तिची जिंकण्याची खात्री होती. तिने पट्टी पुन्हा बुडवली, मग पातेले जमिनीवर नीट सपाट ठेवून तिसऱ्यांदा बुडवली. त्या तिसऱ्या वेळी तिला जे कळले, ते मला फळ्यावर कितीही वेळ शिकवून तिच्या गळी उतरवता आले नसते.

विहीर मोजायची तर वजन बांधलेला टेप कठड्याच्या ठरलेल्या खुणेपासून सोडायचा, आणि तोही पहाटे, मोटरी सुरू होण्यापूर्वी. उपसा चालू असताना घेतलेले माप फसवे असते. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. गावाने आपल्या दहा-बारा विहिरी महिन्यातून एकदा मोजल्या तरी पुरते. ज्या गावांत हे काम शाळेतील मुलांकडे दिले गेले, तेथे एक निराळाच परिणाम दिसला. आपल्या विहिरीची पातळी काय लागली, हे विचारायला शेतकरी शाळेच्या फाटकाशी येऊ लागले, आणि शेजाऱ्याच्या विहिरीचा आकडा पाहिल्याशिवाय परत जाईनात. खडकाच्या एकाच थरातून दोघांचे पाणी येते, एकाने उपसा वाढवला की दुसऱ्याचे पाणी खाली जाते, हे त्या दोन रकान्यांत त्यांनी स्वतः वाचले.

अशा हिशेबाची परंपरा आपल्याकडे मुळीच नवी नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत गावकरी शतकानुशतके बंधाऱ्यातील पाणी पाहून त्या वर्षी कोणते फड, म्हणजे जमिनीचे पट्टे, भिजवायचे हे ठरवत आले. पाटकरी पाणी वाटत असे, जागल्या पाटाची राखण करीत असे, बारेकरी शेताला पाणी देत असे, आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे एकट्या शेतकऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नसे. नदीतील पाणी सर्वांच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे ते शक्य झाले. भूजल दिसत नाही, आणि विजेच्या मोटरीने प्रत्येकाला स्वतःपुरता राजा केले आहे.

दिसत नसलेल्या पाण्याची वाटणी करून दाखवली ती विलासराव साळुंखे यांनी. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातील हाल पाहून या अभियंता-उद्योजकाने नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर ओसाड जमीन कराराने घेतली, ती हिरवी करून दाखवली आणि त्यातून पाणी पंचायतीची कल्पना उभी राहिली. तिचे नियम आजही वाचताना चकित व्हायला होते. पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला नसून माणसाला जोडलेला, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी, भूमिहीनालाही वाटा, ऊस वर्ज्य, खर्चाचा काही भाग लाभधारकांनी स्वतः उचलायचा. जमीन विकली म्हणून पाण्याचा हक्क विकला जात नाही, या एका नियमात समतेचा जेवढा आशय आहे तेवढा मला अनेक जाडजूड धोरणांत आढळलेला नाही. 

हिवरे बाजारविषयी इतके लिहिले गेले आहे की तेथील झाडीचे आणि चरांचे वर्णन मी करत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हे गाव पाहायला सहलीच्या बस भरून येतात, लोक फलकांचे फोटो काढतात आणि जातात. माझ्या दृष्टीने तेथील पाहण्यासारखी वस्तू म्हणजे पर्जन्यमापक आणि ग्रामसभेचे इतिवृत्त. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाल्यानंतर गावाने शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही आणि ऊस-केळी लावायची नाही, हे निर्बंध स्वतःवर घालून घेतले. पुढे पावसाळा संपल्यावर त्या वर्षीच्या पावसाच्या आकड्यावरून रब्बीची पिके ठरवण्याची रीत बसवली. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी पीकही कमी पाण्याचे. तेथील पाऊस आपल्या उदाहरणातील गावाहून फार अधिक नाही आणि क्षेत्रही साधारण तेवढेच आहे, म्हणून ‘त्यांचे निराळे आहे’ ही पळवाट आमच्या शिबिरात चालत नाही.

याउलट आंध्र प्रदेशातील सात दुष्काळी जिल्ह्यांत २००० नंतरच्या दशकात अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने जो प्रयोग झाला, त्यात बंदी कसलीच नव्हती आणि अनुदानाचे आमिषही नव्हते. शेतकरी स्त्री-पुरुषांनी पाऊस मोजला, विहिरींची पातळी मोजली, गावाचा पीकनिहाय ताळेबंद काढला आणि त्यानंतर ज्याने त्याने आपापला निर्णय घ्यायचा, एवढीच रचना होती. भाताखालील क्षेत्र अनेक ठिकाणी कमी झाले. मला स्वतःला हिवरे बाजारचा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो, कारण चांगल्या पावसाच्या वर्षी नुसते ज्ञान मोहापुढे लवकर वाकते आणि नियम थोडा उशिरा वाकतो. पण ज्या गावात नियम घालण्याइतका एकोपा नाही, तेथे निदान मोजणीपासून सुरुवात करता येते, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले.

शासनालाही ताळेबंदाचे महत्त्व पटलेले आहे. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरहून खोल विहिरींना अटकाव केला आहे. साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट, आणि बोअरच्या गाड्या दिवसाढवळ्या त्याच्या तिप्पट खोल जातात, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. २०१९ च्या अखेरीस सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत तर ग्रामपंचायतीने लोकसहभागाने ताळेबंद करावा, अशी अटच घालण्यात आली. मी पाहिलेल्या एका ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो ताळेबंद निळ्या ऑइलपेंटने सुबक अक्षरांत रंगवलेला होता: उपलब्ध पाणी इतके टीसीएम, गरज इतकी टीसीएम, तूट इतकी टीसीएम. फलकाच्या खालच्याच बाकावर बसलेल्या चौघांना मी टीसीएम म्हणजे काय हे विचारले. कोणालाच सांगता आले नाही, ग्रामपंचायतीच्या शिपायालाही नाही. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर, हे सांगितल्यावर त्यांतील एकाने तुटीचा आकडा पुन्हा वाचला आणि म्हणाला, “हे कधी मोजलं? आम्हाला बोलावलं नाही.” आकडे कदाचित अचूकही असतील. पण सल्लागाराने संगणकावर भरलेला आणि रंगाऱ्याने भिंतीवर चढवलेला ताळेबंद, आणि ज्याच्यावरून गहूवाले आणि ऊसवाले सतरंजीवर भांडले तो ताळेबंद, यांत शिक्षण कोणत्या ठिकाणी घडले, याविषयी मला शंका नाही.

आणखी एक व्यावहारिक बाब नोंदवते. सभा संध्याकाळी घेतली तर बायका येत नाहीत, कारण ती स्वयंपाकाची वेळ असते; आणि बायका नसल्या तर ते तीन शेंगदाणे कोणी हातात घेत नाही. म्हणून आम्ही दुपारची वेळ धरतो आणि बचत गटांमार्फत निरोप देतो. पुरुषांची थोडी कुरकुर होते, ती होऊ द्यावी.

शेंगदाण्यांवरून भांडलेल्या त्या गावाने पुढे काय केले, असे मला बरेच जण विचारतात. ऊस बंद झालेला नाही. तीसवरून तो अठरा एकरांवर आला आहे, त्यात कारखान्याने बिले थकवल्याचा वाटा किती आणि आमच्या शिबिराचा किती, हे कोणी सांगू शकणार नाही. नळयोजनेच्या विहिरीभोवती नवी बोअर घ्यायची नाही, असा ठराव ग्रामसभेने केला, आणि तो एकदा मोडलाही गेला. ऑक्टोबरअखेरची ताळेबंदाची सभा मात्र दरवर्षी होते आणि शाळेच्या भिंतीवरील काळ्या फळ्यावर बारा विहिरींची पातळी मुले महिन्याच्या पहिल्या सोमवारी खडूने लिहितात. सध्या वाद चालू आहे तो त्या फळ्यावर विहिरीच्या नावापुढे मोटरीची अश्वशक्ती आणि उपशाचे तास लिहावेत की नाही यावर. मावशींचा बचत गट लिहावेत म्हणतो, बागायतदारांचा विरोध आहे, आणि सरपंचांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे.